फुल एमपीएस आणि नरखेडचा थांबा

रेल्वेफॅन मंडळींच्या फोटोंचा साचा ठरलेला आहे. वॅप-७ इंजिनाचं तोंड तिरप्या कोनात, त्यावर ऊन, मागे वळत गेलेली डब्यांची रांग. खाली लोको नंबर, शेड आणि 'फुल एमपीएस', म्हणजे त्या मार्गावरचा कमाल परवानगी असलेला वेग. अशी कॅप्शन मला आवडतात. सॉफ्टवेअरवाल्याला नीट भरलेला मेटाडेटा दिसला की बरं वाटतंच.

पण फोटो नरखेडचा की आमल्याचा, हे पाटी दिसल्याशिवाय कळत नाही. माझी तक्रार तिथे सुरू होते.

नागपूर–इटारसी हा दिल्ली–चेन्नई मार्गाचा तुकडा. फोटोला इथे वेग हवा असतो, तालुक्याला थांबा. ज्या सुपरफास्टच्या व्हिडिओवर लाइक पडतात, ती न थांबता गेली तर नरखेडच्या माणसासाठी नुसती धूळ. दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी नागपूर गाठायचं तर थांबणारी गाडी लागते, आणि तिचा फोटो काढायला सहसा कोणी ट्रायपॉड लावत नाही. नरखेड जंक्शन आहे ते अमरावतीकडे जाणाऱ्या फाट्यामुळे. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार करत तो बडनेऱ्याला पोचतो. संत्र्याचा पट्टा हा. वरूडच्या स्टेशनचं नावच 'वरूड ऑरेंज सिटी'. एवढं सगळं फ्रेमबाहेर!

रघू राय यांचा १९९५चा चर्चगेटचा फोटो बघा. गर्दी धुरासारखी वाहतेय, मधोमध काही जण पेपर वाचत स्थिर उभे आहेत. फोटो स्टेशनचा आहे, पण विषय वाट पाहणं हा आहे. कोणी म्हणेल, ते रेल्वेफॅन नव्हेत. मग अमेरिकेतला ओ. विन्स्टन लिंक घ्या. १९५५पासून पाचेक वर्षं तो नॉरफोक अँड वेस्टर्नच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांमागे रात्री-अपरात्री फ्लॅश घेऊन फिरला. पक्का इंजिनवेडा. तरी १९५६च्या त्याच्या गाजलेल्या फोटोत पुढे ओपन-एअर थिएटरमध्ये मोटारीत बिलगून बसलेलं जोडपं आहे आणि इंजिन मागून जातंय. माणसं त्याने ठरवून बसवली होती, हे खरं. पण बसवावीशी वाटली ना!

नोंदीचं मोल मी कमी लेखत नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ-अचलपूरला जाणारी शकुंतला बंद पडली, आता ती बरीचशी हौशी लोकांच्या फोटोंतच उरलीय. ते फोटो आपल्याकडच्या रेल्वे-फोटोंत मला सगळ्यात जिवंत वाटतात. गाडीच इतकी हळू होती, की माणसं आपोआप फ्रेममध्ये यायची.

नरखेडजवळच्या एका फाटकावरचा छोटा व्हिडिओ मात्र मी जपून ठेवलाय. गाडी धडाडत जाते, आणि काढणारा बहुधा रेकॉर्डिंग थांबवायचं विसरतो. धूळ बसते. फाटक वर जातं. दुचाकीवर मागे कॅरेट बांधलेला एक जण कॅमेऱ्याकडे बघत, जरा वैतागून, रूळ ओलांडतो.