मातीचा बैल, गुहेतला वाघ

लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांच्या आगेमागे खेळण्यांची जी दुकाने मांडलेली असतात, त्यांतील प्राणिसृष्टी एकवार नीट न्याहाळली म्हणजे खेळण्यांतून लहान मुलांस भूतदया शिकविण्याची कला आज कोणत्या अवस्थेस येऊन ठेपली आहे, याचा पुष्कळसा अदमास येतो. एकाच प्लास्टिकच्या पिशवीत सिंह, जिराफ, पेंग्विन आणि डायनासोर कोंबलेले असतात; वर दोरीला फरची माकडे लोंबत असतात; आणि कोपऱ्यातल्या टोपलीत रबरी साप असतात, ज्यांचे अवतारकार्य कोणाला तरी दचकविण्यापलीकडे जात नाही. ह्या सृष्टीत मावळचा डांगी बैल नाही, घाटातला वानर नाही, भीमाशंकराच्या रानातले शेकरू नाही. तथापि माझी तक्रार परकेपणाबद्दलची नाही. मावळातल्या मुलाने पेंग्विनवर जीव लावला तर त्यात कोणाचे काय बिघडते? तक्रार आहे ती ही, की हे प्राणी मुलाकडे काहीच मागत नाहीत. त्यांना भूक नाही, घर नाही, भय नाही. त्यांना केवळ रूप आहे, आणि ते रूप कुरवाळून झाले की त्यांचा आणि मुलाचा हिशेब संपतो.

ह्या कुरवाळण्याच्या परंपरेचा मूळपुरुष जो टेडी अस्वल, त्याची जन्मकथा ह्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. 1902 च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीच्या रानात शिकारीस गेले असता, सोबतच्यांनी झाडाशी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला. बेरीमन नावाच्या व्यंगचित्रकाराने तो प्रसंग चितारला, आणि त्यावरून ब्रुकलिनच्या मिच्टम नावाच्या दुकानदाराने कापडी अस्वल करून विकावयास काढले. त्या घायाळ अस्वलाला पुढे रूझवेल्ट यांच्याच हुकुमाने सुरीने मारण्यात आले, ही गोष्ट मात्र खेळण्यात उतरली नाही. अस्वलाचा चेहरा जगभर गेला आणि त्याचे प्राक्तन रानातच राहिले.

आपल्याकडील खेळण्यांचा वंश ह्याहून पुरातन आहे. 1974 साली प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे काशाच्या ज्या चार मूर्ती सापडल्या, त्यांत बैलजोडीचा रथ आहे, हत्ती, गेंडा आणि रेडा आहेत, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. ती खेळणी की पूजाद्रव्ये, ह्याचा निवाडा पुरातत्त्वज्ञांवर सोपवावा. पण चाकांवर प्राणी चढविण्याची हौस ह्या मुलुखात फार जुनी आहे, एवढे त्यावरून खास दिसते.

परंतु खरा अभ्यास करावयाचा तो कुंभाराच्या मातीच्या बैलाचा. मावळात पोळा येतो तो भाद्रपदाच्या अमावास्येला, म्हणजे भाताच्या लावणीचा चिखल तुडवून बैल मोकळे झाल्यानंतर. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना तेल-तूप-हळद चोळतात, आणि दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, असा थाट करून पुरणपोळीचा घास भरवितात. ज्या घरी बैल नाही, त्या घरी हे सर्व उपचार मातीच्या बैलाला होतात, आणि ते करण्याचा मान बहुधा मुलांकडे येतो. येथे खेळण्याची रचना पाहण्यासारखी आहे. कुंभार त्याचे पाय जाड करतो, कारण बारीक पाय टिकत नाहीत. वशिंड असावे त्याहून मोठे काढतो, कारण बैलाचे बैलपण तेथेच आहे. डोळे मात्र दोन ठिपक्यांवर भागवितो. ज्या चेहऱ्यावर आजचा कारखानदार आपली सारी प्रतिभा खर्च करतो, त्याची कुंभाराला जवळजवळ पर्वाच नाही. त्याचे लक्ष खांद्याकडे आहे, म्हणजे जेथे ह्या प्राण्याला दुखते तेथे आहे. शिवाय तो बैल कच्च्या मातीचा असतो. आपटला की त्याचे शिंग मोडते. चार वर्षांच्या मुलाला हात जपून लावावयास शिकविणारे ह्याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही. विदर्भातल्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ह्यापेक्षा टिकाऊ आणि सुबक असतो, मुले तो सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मिळवितात. पण त्यात मिरवणुकीचा भाग अधिक आणि सेवेचा थोडा, असे मला वाटते.

ह्या परंपरेचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोळ्याला पुरणपोळी खाणाऱ्या बैलाच्या पाठीवर उरलेल्या वर्षात आसूड पडत नाही, असे कोण म्हणेल? सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बैलगाडा शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात अटींसह परवानगी दिली, आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्यानंतर मावळातल्या शर्यतीच्या घाटांवर पुन्हा भिर्रचा पुकारा होऊ लागला. शर्यतीच्या नादी लागलेल्या घरांतून मुलांच्या हाती आता मातीच्या बैलाऐवजी बैलगाड्याची लाकडी प्रतिकृती दिसू लागली आहे. तिची कारागिरी उत्तम असते, खिलार बैलांचा डौल हुबेहूब साधलेला असतो. पण खेळण्यातला बैल एकदा धावू लागला की त्याच्या खांद्याची आठवण कोणाला राहत नाही. तिकडे चिखलणीचे काम पॉवर टिलरने उचलल्यापासून प्रत्यक्ष बैलच पुष्कळ घरांतून नाहीसा झाला आहे, आणि मुलाला तो भेटतो तो एकतर देव म्हणून किंवा विजेता म्हणून. कष्टकरी म्हणून भेटत नाही.

पाळीव जनावराशी सेवेचे नाते जोडावयाचे असते. वन्य प्राण्याशी मात्र नाते जोडावयाचे ते अंतर राखून. आजची खेळणी हा भेदच जाणत नाहीत, आणि त्याचा परिणाम राजमाची पॉइंटवर रोज पाहावयास मिळतो. पर्यटकांची मुले एका हातात फरचे माकड धरून दुसऱ्या हाताने खऱ्या माकडांपुढे वेफर्स टाकतात, आईबाप कौतुकाने छायाचित्रे काढतात, आणि माणसाच्या हातातले खाण्यास चटावलेले ते माकड पुढे कोणाची पिशवी ओढू लागले की त्यालाच उपद्रवी ठरविले जाते. त्या मुलाचे प्रेम खोटे नाही. त्याच्या खेळण्याने त्याला प्रेमाचा एकच प्रकार शिकविला आहे.

दूर राहण्याची ही तालीम आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यात मिळत असे, आणि जेथे सोसायटीच्या अंगणात अद्याप माती शिल्लक आहे तेथे ती आजही मिळते. लोहगड-विसापूर ज्यांच्या दारात उभे आहेत, त्या मुलांनी दगडमातीचा डोंगर रचावा, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरावी, मावळे आणि गवळणी मांडाव्यात, हा क्रम सर्वश्रुत आहे. पण डोंगराच्या पोटात एक गुहा असते आणि तिच्यात एक मातीचा वाघ असतो. कलादृष्ट्या ही मूर्ती बहुधा ओबडधोबडच असते, पट्टे वाकडेतिकडे, मिशा तर हास्यास्पद. परंतु त्या वाघाला घर आहे, घराभोवती उगवणारे गवत आहे, आणि त्याला कोणी मांडीवर घेत नाही. मावळे वर, वाघ खाली. दोघेही एकाच डोंगराचे रहिवासी. वनखात्याच्या कित्येक भित्तिपत्रकांना जे साधत नाही, ते त्या वीतभर गुहेने साधले आहे.

शिक्षणतज्ज्ञांपैकी ह्या विचाराच्या सर्वांत जवळ आल्या त्या ताराबाई मोडक. बोर्डीस 1945 साली आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी जे प्रयोग केले, त्यांत गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरविलेली कुरणशाळा होती, आणि शैक्षणिक साधने भोवतालच्या पानाफुलांतून, शंखशिंपल्यांतून, गोट्याबियांतून करण्याचा आग्रह होता. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळण्यांचे जे भांडार उभे केले, त्याचे ऋण मोठे आहे. पण त्यांचा ओढा विज्ञानाकडे, तेथे कागदाचा पक्षी पंख का हलवितो हे कळते, तो काय खातो हे कळत नाही. आणि सरकार? 2021 पासून खेळण्यांस मानकचिन्ह सक्तीचे झाले, विषारी रंगांना आळा बसावा म्हणून ते योग्यच. हस्तशिल्प आयुक्तांच्या दप्तरी नोंदलेल्या कारागिरांस त्यातून सूटही मिळाली. ज्या कुंभाराने अशी नोंद कधी केलीच नाही, त्याचा पोळ्याचा बैल मूर्ती समजावयाचा की खेळणे, ह्याचा विचार करणारा अंमलदार अजून माझ्या पाहण्यात नाही.

नव्या रचनाकाराला मावळच्या शेजारीच विषय तयार आहे. भीमाशंकरचे अभयारण्य 1985 साली मुख्यत्वे शेकरूसाठी राखले गेले. हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचित उतरतो, फांदीवरून फांदीवर झेप घेत जातो, आणि एकाहून अधिक घरटी बांधतो. त्याची कापडी बाहुली शिवणे सोपे आहे, आणि ती शिवली जाईलच. पण सावंतवाडीच्या एखाद्या चिताऱ्याकडून सुट्या फांद्यांची पाच-सहा झाडे करवून घ्यावीत, शेकरूची झेप एका ठरावीक लांबीची ठेवावी, आणि मधले झाड मुलाने काढले की शेकरू पलीकडच्या घरट्याला पोचू नये, अशी तजवीज करावी. असे खेळणे प्लास्टिकच्या पिशवीहून महाग पडेल, आणि चिक्कीच्या शेजारच्या दुकानदाराला ते ठेवण्यास राजी करणे हे त्याच्या रचनेहून कठीण काम ठरेल.