इतिहासाचा पुरावा आणि तिबेटचे भवितव्य : शाकाब्पांच्या ग्रंथाचा पुनर्विचार

त्सेपोन शाकाब्पा हे दलाई लामांच्या शासनात वित्तखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. त्यांचा ‘तिबेट : ए पोलिटिकल हिस्टरी’ हा ग्रंथ येल विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. तिबेटी साधनांवर आधारलेला आणि राज्यकारभाराचा अनुभव असलेल्या तिबेटी लेखकाने लिहिलेला इतिहास म्हणून त्याचे महत्त्व वादातीत आहे. तथापि तिबेटच्या स्वातंत्र्याचा प्रश्न अद्याप अनिर्णित असल्याने, ग्रंथातील प्रतिपादन त्याच्या उत्तराकडे कितपत नेते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

तिबेट हा चीनचा अंगभूत भाग कधीच नव्हता आणि लामा व चिनी सम्राट यांचा संबंध गुरु-यजमानाचा होता, हा ग्रंथकाराचा मुख्य सिद्धान्त. तेराव्या दलाई लामांच्या १९१३ च्या घोषणेपासून १९५० पर्यंत तिबेटचे शासन, सैन्य, नाणी व टपाल स्वतंत्र होती. या कालखंडापुरता सिद्धान्त पटण्यासारखा आहे.

उणीव आहे ती निराळीच. प्रत्यक्ष स्वातंत्र्य आणि इतर राष्ट्रांनी दिलेली मान्यता यांतील भेद ग्रंथात पुरेसा स्पष्ट होत नाही. १९१४ च्या सिमला परिषदेत तिबेटने स्वीकारलेल्या मसुद्यातच चीनची अधिसत्ता, म्हणजे सार्वभौमत्वाहून कमी दर्जाचा वरिष्ठ अधिकार, मान्य केलेली होती. चीनने करार नाकारल्यामुळे त्यातील लाभ त्याला मिळू शकत नाहीत, हा युक्तिवाद सबळ आहे. परंतु एका पक्षाचा दावा दुबळा झाल्याने दुसऱ्यास मान्यता आपोआप लाभत नाही. स्वतः शाकाब्पांच्या नेतृत्वाखालील व्यापारी शिष्टमंडळ १९४७ ते १९४९ या काळात तिबेटी पारपत्रांवर परदेशी हिंडले. अनेक देशांनी प्रवेशपरवाने दिले. राजनैतिक मान्यता मात्र एकाही प्रमुख राष्ट्राने दिली नाही. नोव्हेंबर १९५० मध्ये एल साल्वादोरने संयुक्त राष्ट्रांत मांडलेला प्रश्न लांबणीवर पडला, तोही भारताच्या संमतीने.

पुढील घटनांनी ही उणीव अधिक ठळक केली. २००३ साली भारताने तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचे मान्य केले. २००८ साली ब्रिटनने अधिसत्तेची जुनी भूमिका सोडली. पूर्वस्थितीच्या पुनःस्थापनेची कायदेशीर वाट अशा रीतीने अरुंद होत गेली. दलाई लामांनीही १९८८ साली स्ट्रासबर्ग येथे पूर्ण स्वातंत्र्याऐवजी स्वशासनाची मागणी मांडली. त्यासाठीच्या वाटाघाटी २०१० नंतर थांबल्या.

म्हणून प्रश्नाचा आधार बदलणे आवश्यक ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या ठरावाने तिबेटी जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा उल्लेख केला. हा हक्क जुन्या राज्याच्या दर्जावर नव्हे, तर जिवंत लोकसमूहाच्या इच्छेवर उभा असतो. तो बजावून देणारी शक्ती आज दिसत नाही. परंतु ती इच्छा व्यक्त करणाऱ्या संस्था आहेत. २०११ साली दलाई लामांनी राजकीय अधिकार निर्वासितांच्या निर्वाचित नेतृत्वाकडे सोपविले. पुनर्जन्म ठरविण्याचा अधिकार आपल्या विश्वस्त संस्थेचाच असल्याचे त्यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. चीन मात्र २००७ च्या नियमांन्वये तो शासनाचा मानतो. नजीकच्या काळातील कसोटी येथेच आहे.

शाकाब्पांचा ग्रंथ भूतकाळातील स्वातंत्र्याची साक्ष देतो आणि ती साक्ष मोलाची आहे. साक्षीला निवाडा मानणे हा मात्र त्याच्या वाचकाने टाळावयाचा दोष होय.