एपिडॉरसचे स्वप्नलेख व त्यांचें प्रामाण्य

मोहनिद्रेच्या इतिहासावरील पुस्तकांचा आरंभ बहुधा ग्रीसमधील एपिडॉरस येथील अस्क्लेपियस देवाच्या स्थानापासून होतो. रोगी देवालयांत निजत, स्वप्नांत देव येई, सकाळीं रोगी बरा होऊन जाई. हीच मोहनिद्राचिकित्सेची पहिली पायरी, असें सांगण्यांत येतें. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

प्रथम साधनाचें स्वरूप पाहूं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत पॉसेनियस या प्रवाशानें तेथें सहा लेखशिला पाहिल्या. काव्हादियस यांच्या उत्खननांत १८८३ सालीं अशा शिला हातीं आल्या. उपलब्ध कथा सुमारें ७० असून लेखनकाल इ. स. पूर्व चौथ्या शतकाचा उत्तरार्ध होय. परंतु भक्तांनीं पूर्वीं वाहिलेल्या पट्टांचा उल्लेख शिलेंतच येतो. तेव्हां शिला ही मूळ प्रत नव्हे. तें देवस्थानानें निवडून केलेलें संकलन आहे. जे बरे झाले नाहींत त्यांस अशा संकलनांत जागा नसते.

अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्यानें अंध होती. केवळ स्वप्न पाहून आंधळे-पांगळे बरे होतात, या कथांस मंदिरांत फिरतांना ती हसली. नंतर निजली असतां देवानें डोळा चिरून औषध घातलें, व अज्ञानाची खूण म्हणून रुप्याचें डुकर वाहावयास सांगितलें. म्हणजे निजण्यापूर्वींच कथा तिच्या मनांत शिरल्या होत्या.

येथें चरक उपयोगी पडतो. इंद्रियस्थानांत त्यानें दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे स्वप्नाचे सात प्रकार सांगून पहिले पांच निष्फळ ठरविले आहेत. त्याचा विषय अरिष्टज्ञान आहे, उपचार नव्हे, हें खरें. तथापि ऐकलेल्या कथेचें स्वप्न श्रुत व इच्छिलेलें प्रार्थित, हा त्याचा विवेक एपिडॉरसच्या रोग्यांस नेमका लागू पडतो.

आतां दुसरें साधन शेजारीं ठेवूं. जेम्स एस्डेल या शस्त्रवैद्यानें १८४५ सालीं हुगळी येथें मोहनिद्रेंत शस्त्रक्रिया केल्या. १८४६ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीनें कलकत्त्यास त्याचे प्रयोग पाहिले, आणि ज्यांस ती निद्रा लागली नाहीं त्यांचीही नोंद ठेविली. तेथें निद्रा आणणारा मनुष्य आहे, अंगावरून हात फिरविण्याची क्रिया आहे, आणि उपचार शस्त्राचा आहे. स्वप्नाचें कार्यच नाहीं. एपिडॉरसास रोगी आपोआप निजतो आणि स्वप्न हाच उपचार. या दोहोंस एका माळेंत ओवणें अयुक्त होय.

पुजाऱ्यांनीं लबाडी केली, असें आमचें म्हणणें नाहीं. रोगी काय अपेक्षा धरून येत, याचें त्या शिला उत्तम प्रमाण आहेत; किती बरे झाले, याचें नव्हे. आपल्या संग्रहांतील दृष्टान्ताच्या कागदांसही हाच नियम लावावा. लेख कोणीं, कशावरून व कोणाकरितां उतरविला हें आधीं पाहावें. निद्रेची जात मागाहून ठरवावी.