अवतरणाविना समीक्षा : बेल्जियमच्या तीव्र एलच्या आस्वादटिपणांविषयी

१

साहित्यविचाराने आपले काही अत्यंत मूलभूत शब्द जिभेकडून घेतले आहेत. रस, आस्वाद, चर्वणा, अभिरुची : यांपैकी एकही शब्द मुळात साहित्याचा नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत रसाचे स्वरूप समजावून देतो ते नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाच्या दृष्टान्ताने. त्या अन्नाचा आस्वाद घेणारा 'सुमनस्' पुरुष हाच तेथे नाट्यप्रेक्षकाचे प्रतिरूप ठरतो. परंतु शब्द एकदा पारिभाषिक झाले की त्यांचा मूळ घराशी असलेला संबंध क्षीण होत जातो. काव्याच्या आस्वादाविषयी आपण सिद्धान्तन करतो. प्रत्यक्ष चवीविषयी कोणी गंभीरपणे लिहू लागला, तर मात्र ती चैनीची बाब समजून बाजूला ठेवतो.

या बाजूला ठेवण्यामागे कांटचे तात्त्विक पाठबळ आहे. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या 'क्रिटिक'मध्ये त्याने रुचकर आणि सुंदर यांत भेद केला. केनरी बेटांची मदिरा रुचकर आहे असे म्हणणाऱ्याने त्या विधानाला 'मला' हा शब्द जोडला पाहिजे. सौंदर्यविधान करणारा मात्र सर्वांच्या संमतीची मागणी करीत असतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) हा भेद मराठी अभ्यासकाला सुपरिचित आहे.

तथापि गेल्या सुमारे पाच दशकांत एक असे लेखन विपुल प्रमाणात निर्माण झाले आहे, की ज्याचे लेखक हा 'मला' जोडायला तयार नाहीत. बेल्जियमच्या तीव्र एलची हौसेने चव घेऊन तिच्यावर टिपणे लिहिणारे आस्वादक एकमेकांशी वाद घालतात, दाखले मागतात, स्वतःचे मत बदलतात. हा केवळ संकल्पनात्मक घोटाळा आहे काय? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की तो घोटाळा नसून समीक्षाच आहे. मात्र ती एका कठीण अटीखाली चालते. साहित्यसमीक्षक आपल्या विधानाच्या समर्थनार्थ संहितेतील ओळ उद्धृत करू शकतो. चवीच्या समीक्षकाला अवतरण देता येत नाही. या एका अभावातून त्याच्या लेखनाचे गुण आणि दोष दोन्ही निष्पन्न होतात.

२

प्रथम आस्वाद्य वस्तूचे स्वरूप पाहू. एल म्हणजे तुलनेने उबदार तापमानात आंबवलेली बिअर. बेल्जियमच्या तीव्र एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे साडेसात ते बारा टक्के असते : डुव्हेल साडेआठ, वेस्टमालेची ट्रिपल साडेनऊ, रोशफोर १० ही ११.३ टक्के. या तीव्रतेमागे सामाजिक इतिहासही आहे. १९१९ च्या व्हान्डरव्हेल्डे कायद्याने बेल्जियममधील पानगृहांत ऊर्ध्वपातित मद्याच्या विक्रीवर बंदी आली. तेथे जिनेव्हर मागणाऱ्या ग्राहकाला जोरकस बिअर हा पर्याय उरला, असे कारण सामान्यतः दिले जाते.

घडणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या एलमध्ये माल्टबरोबर साखरही घातली जाते. ती जवळजवळ संपूर्ण आंबून जाते. त्यामुळे मद्यार्क वाढतो, पण द्रव जड होत नाही. पुढे बाटलीत पुन्हा किण्वन होते आणि त्यातून विपुल बुडबुडे निर्माण होतात. म्हणजे गोडी आणि कोरडेपणा, तीव्रता आणि हलकेपणा असे विरोधी घटक एकत्र नांदतात. आस्वादक ज्याला 'समतोल' म्हणतात तो या घटकांचा परस्परसंबंध होय. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली, ती या वस्तूच्या वर्णनाला अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. हा समतोल काळातही उलगडतो. पेला थंड असताना गंध दबलेला असतो; तो उबदार होऊ लागला की वेगवेगळे घटक क्रमाने पुढे येतात. एका पेल्याचेही 'वाचन' करावे लागते, आणि त्याला आदी, मध्य व अंत असतो.

३

आता टिपणांच्या भाषेकडे वळू. टिपणाचा साचा बहुधा ठरलेला असतो : रंग व फेस, गंध, चव, तोंडात जाणवणारी घनता, आणि गिळल्यानंतर मागे रेंगाळणारी चव. या साच्यात भरलेले शब्द प्रथमदर्शनी स्वैर वाटतात. केळे, लवंग, मनुका, अंजीर, जुने चामडे, ओली माती! टीकाकार येथेच थबकतो आणि हा सारा कल्पनाविलास आहे असा निष्कर्ष काढतो.

परंतु या शब्दांचे तीन स्तर वेगळे केले पाहिजेत. पहिला स्तर अभिधेचा. तीव्र एलमध्ये केळ्याचा गंध येतो असे म्हणणारा उपमा देत नसतो. यीस्टने निर्माण केलेले आयसोअमाइल अॅसिटेट हे द्रव्य केळ्यातही असते. लवंगेची आठवण करून देणारे ४-व्हिनाइल ग्वायाकोल हेही किण्वनातून येते. ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीविषयक निबंधात सांको पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. मद्य उत्तम आहे, पण त्याला किंचित चामड्याची चव लागते, असे एकाने म्हटले. दुसऱ्याला लोखंडाची चव लागली. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली सापडली. आज ती किल्ली पुष्कळदा रसायनशास्त्राच्या हाती असते. मॉर्टन माइलगार्ड यांच्या पुढाकाराने १९७९ साली सिद्ध झालेल्या बिअरच्या 'स्वादचक्रा'त १२२ स्वादगंधांना नावे दिली गेली, ती याच विश्वासाने की आस्वादकांत मतैक्य शक्य आहे.

दुसरा स्तर लक्षणेचा. मनुका आणि अंजीर हे शब्द गडद एलच्या वर्णनात सतत येतात. तेथे वस्तुतः मनुका नसतात. भाजलेले माल्ट, गडद साखर आणि यीस्ट यांच्या संयोगाने उत्पन्न झालेल्या एका प्रतीतीला दिलेले ते नाव आहे. या नावाची सत्यता प्रयोगशाळेत तपासता येणार नाही. दुसऱ्याच्या पेल्यात मात्र तपासता येते. 'अंजीर' हा शब्द वाचल्यानंतर घेतलेला घोट अधिक स्पष्ट झाला, तर शब्द सार्थ ठरला. अवतरणाच्या जागी येथे उपमा उभी असते, आणि तिचा पुरावा वाचकाने स्वतः प्यायचा असतो.

तिसरा स्तर मूल्याचा : उत्कृष्ट, भव्य, अद्वितीय. या स्तरावरच बहुसंख्य टिपणे कोसळतात. पहिल्या दोन स्तरांवर पंधरा नामे ओळीने मांडायची आणि मग मूल्यविधानाकडे एकदम उडी घ्यायची, असा प्रकार सर्रास आढळतो. फळांची यादी म्हणजे वर्णन नव्हे. अलंकारांची यादी म्हणजे काव्यसमीक्षा नव्हे, तसेच हे. उलट एखादा आस्वादक जेव्हा लिहितो, की गोडी प्रथम पुढे आली, ती जिभेवर साचण्याआधी बुडबुड्यांनी उचलली, आणि शेवटी उरलेल्या कडवटपणामुळे दुसऱ्या घोटाची इच्छा झाली, तेव्हा त्याने घटकांचा संबंध सांगितलेला असतो. आणि संबंधावरूनच मूल्याकडे जाता येते.

असे टिपण मराठीत लिहू पाहणाऱ्याच्या वाटेत एक मनोरंजक वळण आहे. षड्रसांतील 'कटु' हा संस्कृतात तिखटाचा वाचक आणि 'तिक्त' हा कडूचा. मराठीत 'कटु'वरून आलेला 'कडू' मात्र नेमका दुसऱ्या जागी जाऊन बसला आहे. चवीची नावेही संकेतव्यवस्थेतच अर्थ धारण करतात, याचे याहून घरगुती उदाहरण मिळणे कठीण. खमंग, कुबट, आंबूस, तुरट, उग्र हे आपले नित्याचे शब्द या कामाला पुरेसे समर्थ आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

४

संहितेच्या अभिन्नत्वाचा प्रश्न येथे अधिक बिकट होतो. कादंबरीची प्रत कोणतीही असो, कादंबरी एकच. बाटलीचे तसे नाही. शिमेच्या निळ्या एलच्या मोठ्या बाटलीवर वर्ष छापलेले असते. ती वर्षानुवर्षे साठवली की तिची चव बदलत जाते. दोन आस्वादकांचे मतभेद हे काही वेळा दोन भिन्न वस्तूंविषयीचे असतात.

याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण पश्चिम फ्लँडर्समधील सिंट-सिक्सटस मठाचे. वेस्टव्लेटरेन १२ ही तेथील १०.२ टक्क्यांची एल. १९४६ साली या मठाने आपल्या नावाने एल करण्याचा परवाना जवळच्याच वाटू या गावातील एका उत्पादकाला दिला. १९९२ साली तो संपला. वाटूची एल पुढे सेंट बर्नार्डस या नावाने विकली जाऊ लागली. मठाने आपल्या एलसाठी वेस्टमालेचे यीस्ट स्वीकारले. मठाचे जुने यीस्ट वाटूलाच राहिले, असे मानले जाते. मग मूळ पाठ कोणता? मठाच्या भिंतींआड, मठवासीयांच्या हातून उतरणारा, की जुने यीस्ट जपणारा? पाठचिकित्सेतील कर्तृत्व आणि परंपरा यांचा झगडाच येथे पेल्यात उतरला आहे. आखेलचा मठही असाच प्रश्न उभा करतो. तेथे मठवासी उरले नाहीत म्हणून २०२१ साली तेथील एलने अधिकृत ट्रॅपिस्ट चिन्ह गमावले. चिन्ह गेले म्हणून चव बदलली, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

५

अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. तीव्र एलच्या आस्वादकाला हे विघ्न आस्वाद्य वस्तूच पुरवते. बिअर थुंकून न टाकता गिळावी असा संकेत आहे. त्यामुळे निर्णय करणारे मनच निर्णयाच्या काळात बदलत जाते. तिसऱ्या पेल्यानंतर लिहिलेले 'भव्य' हे विशेषण वस्तूचे की लेखकाच्या अवस्थेचे? जाणते आस्वादक एक बाटली अनेकांत वाटून घेतात आणि पुढची उघडण्यापूर्वी टिपण पूर्ण करतात. ताटस्थ्य ही त्यांच्या लेखी वृत्ती नसून शिस्त आहे.

दुसरे विघ्न कीर्तीचे. २००५ साली हौशी आस्वादकांच्या गुणांकनात वेस्टव्लेटरेन १२ जगात पहिली ठरली आणि मठाच्या दाराशी मोटारींची रांग लागली. मठवासीयांनी उत्पादन वाढवले नाही. फेरविक्रीवरही त्यांचे निर्बंध होते. दुर्मिळता आणि गुणवत्ता यांची अशी गल्लत होणे अपरिहार्यच होते. बूर्दियने १९७९ साली 'डिस्टिंक्शन'मध्ये अभिरुचीला सामाजिक भेददर्शक ठरवले, त्याला येथे पुरेपूर दुजोरा मिळतो.

यावर उपाय म्हणून नाव झाकून चव घेण्याची पद्धत रूढ आहे. आय. ए. रिचर्ड्सने 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये (१९२९) कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या होत्या. हा त्याचाच सहोदर प्रयोग होय. त्याने कीर्तीचे विघ्न दूर होते, हे मान्य. पण वेस्टव्लेटरेन आणि सेंट बर्नार्डस यांचा जो परस्परसंबंध आपण पाहिला, तोही त्याच झाकणाखाली जातो. म्हणून झाकलेला पेला ही समीक्षेची पहिली पायरी मानावी, अखेरची नव्हे.

६

शेवटी गुणांकनाचा प्रश्न. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बिअर-परीक्षकांच्या प्रमाणन-उपक्रमात पन्नासपैकी गुण दिले जातात : गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील घनतेला ५ आणि समग्र प्रत्ययाला १०. घटकांना गुण देऊन झाल्यावरही समग्रतेसाठी दहा गुण राखून ठेवावे लागतात, यातच या पद्धतीची प्रामाणिक कबुली आहे. आकड्याने क्रम लावता येतो; त्याच्याशी वाद घालता येत नाही. बेचाळीस गुणांना उत्तर म्हणून फक्त एकेचाळीस किंवा त्रेचाळीस असे म्हणता येते. 'शेवटचा कडवटपणा गोडीला सावरतो' या वाक्याला मात्र उत्तर देता येते. घोट घेऊन ते खोडून काढता येते.

ब्रिटिश लेखक मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) यांनी 'द वर्ल्ड गाइड टू बीअर' (१९७७) आणि बेल्जियमच्या बिअरवरील १९९१ च्या ग्रंथातून हे लेखन घडवले, त्यात वर्गीकरण होते, स्थळकाळ होता, आणि पेल्याकडे परतण्याचे आवाहन होते. त्यांच्या अनुयायांनी पुष्कळदा यादी आणि आकडा एवढेच उचलले. हा ऱ्हास आपल्याला अपरिचित नाही. साहित्यसमीक्षेच्या हाती अवतरण असूनही तिने कितीतरी वेळा संज्ञांची यादी केली आणि संहितेकडे परतण्याचे टाळले. ज्यांना अवतरण देताच येत नाही त्यांच्यापैकी उत्तम टिपणकार आपले प्रत्येक विधान दुसऱ्याच्या जिभेवर पारखले जाईल अशा रीतीने करतात. कांटने मागितलेली सार्वत्रिक संमती त्यांना मिळत नाही. परंतु ती मागण्याचा अधिकार ते या रीतीने कमावतात. समीक्षेच्या विधानाला 'मला' जोडावा की नाही, याचा निर्णय वस्तू कागदावर आहे की पेल्यात यावर अवलंबून नाही. ते विधान दुसऱ्याला पडताळता येईल असे केले आहे की नाही, यावर तो अवलंबून आहे.