सूत, सांधा आणि शब्द : लाकूडकामातील व्याकरणवादाचे एक परीक्षण

व्याकरण हा विद्वानांचा विषय आहे, ही समजूत बहुधा विद्वानांनीच रूढ केली असावी. रायगड जिल्ह्यात, नेरळहून ज्या कळंब गावी जाता येते, तेथे हौसेने लाकूडकाम करणाऱ्या काही परिचितांच्या बैठकीत बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. यांत पेशाने सुतार एखादाच. बाकीचे शिक्षक, दुकानदार, निवृत्त नोकर. हाताने रंधा चालत असे आणि तोंडाने व्याकरण. हे वाद गमतीचे असले तरी त्यांतील तीन प्रश्न असे निघाले की, त्यांची उत्तरे आपल्या व्याकरणग्रंथांत जशीच्या तशी हाती लागत नाहीत. त्या तीन प्रश्नांचे आणि त्यांवर तेथे सांगितल्या गेलेल्या उपपत्तींचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

पहिला प्रश्न लिंगाचा. करवत हा शब्द कोणी पुल्लिंगी योजतो, कोणी स्त्रीलिंगी. कोशकारांनीही दोन्ही लिंगे मान्य केली आहेत. बैठकीत एकाने अशी उपपत्ती मांडली की, दोघांनी ओढावयाचा मोठा तो करवत आणि एका हाताने चालवावयाची ती करवत. हातोडा-हातोडी, सुरा-सुरी, खुंटा-खुंटी या जोड्या त्याने पुराव्यादाखल पुढे केल्या. उपपत्ती मोहक आहे. पण ती टिकत नाही. या सर्व जोड्यांत लिंगाबरोबर प्रत्ययही बदलतो आणि लहानपणाचा अर्थ त्या ईकारान्त रूपाला चिकटलेला असतो. लहान करवतीसाठी भाषेने ‘करवती’ हा निराळा शब्द घडवलेलाच आहे. शिवाय या जोड्यांतही केवळ आकाराचे माप चालत नाही : वर्गातला फळा आणि भिंतीवरची फळी यांतील भेद लांबीरुंदीचा नसून उपयोगाचा आहे. तेव्हा करवत हा वेळ, बाग, ढेकर यांच्याच पंगतीतला, म्हणजे लिंग ठरविण्याचे काम वक्त्यावर सोडणारा शब्द होय. ज्याच्या हातात हत्यार असते त्याला नियम हवासा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण हवा म्हणून नियम असतोच असे नाही.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा. फळी ‘जांभळीची’ की ‘जांभळाची’? बैठकीतील शिक्षकाने ‘जांभळाची’ हेच शुद्ध म्हणून सांगितले आणि वृद्ध सुताराने शांतपणे विचारले, “मास्तर, फळातून फळी कशी काढता?” सुताराचा पक्ष बळकट आहे. मराठीत जांभूळ हा शब्द झाडाचा वाचक असताना स्त्रीलिंगी आणि फळाचा वाचक असताना नपुंसकलिंगी असतो. ती जांभूळ, तिची फळी; ते जांभूळ, त्याचा रस. लाकूड, बाभूळ, जांभूळ या शब्दांत विभक्तीपूर्वी उपान्त्य ऊकाराचा अकार होतो, हा नियम शाळेत शिकवला जातो. पण त्या विकारानंतर पुढे ‘आ’ यावयाचा की ‘ई’, हे लिंग ठरविते, आणि लिंग अर्थ ठरवितो. बाभळीच्या बाबतीत हा घोटाळा होत नाही, कारण तिचे फळ कोणी खात नाही. शेंग ती शेंग. आंबा आणि फणस यांत झाड व फळ दोन्ही पुल्लिंगी, म्हणून तेथेही वाद नाही. जांभळाच्या बाबतीतच भाषेने दोन वाटा ठेवल्या होत्या, आणि आज शहरी लेखनात त्यांपैकी एक बुजत चालली आहे. आपण ‘जांभळाचे झाड’ म्हणतो, म्हणजे फळावरून झाडाला ओळखतो. सुतार झाडावरून लाकडाला ओळखतो. विहिरीत किंवा पाण्यात टिकणारे म्हणून ज्या लाकडाची ख्याती, त्याचे नाव त्याने झाडाकडूनच घ्यावे, हे स्वाभाविक आहे. शिक्षकाने ज्याला अशुद्ध म्हटले ते जुने आणि नेमके रूप होते. ज्याला शुद्ध म्हटले ते अलीकडचे सरसकट रूप.

तिसरा प्रश्न सुताचा. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. फळी ‘दोन सूत’ कमी पडली की ‘दोन सुते’? सूत नपुंसकलिंगी असल्याने अनेकवचन सुते व्हावयास हवे, आणि दोऱ्याच्या अर्थी ते होतेही. मापाच्या अर्थी मात्र ‘सुते’ म्हणणारा कारागीर प्रस्तुत लेखकास भेटला नाही. मापवाचक शब्द अनेकवचनात बदलत नाहीत, असा नियम बैठकीत सुचविला गेला. तो चुकीचा आहे : दोन तोळे, दोन पायल्या, दोन विती, चार बोटे ही सर्व बदललेलीच रूपे आहेत. हात, इंच, फूट हे शब्द बदलत नाहीत ते मापवाचक म्हणून नव्हे, तर अकारान्त पुल्लिंगी म्हणून. मग सूताचे काय? हिंदीत सूत पुल्लिंगी असून ‘दो सूत’ असेच म्हणतात. बहुभाषी कारखान्यांतून ते रूप तसेच आले असेल, असा एक तर्क. दुसरा तर्क असा की ‘तीन इंच दोन सूत’ या नित्याच्या जोडीत शेजारच्या इंचाचे वळण सुताला लागले. आम्हास दुसरा अधिक पटतो, कारण त्यासाठी भाषेबाहेर जावे लागत नाही. गंमत अशी की विभक्ती लागताच शब्द पुन्हा मूळ प्रकृतीवर येतो : ‘दोन सुतांचा फरक’. तेथेही कोणी ‘सुताचा’ म्हणतो, आणि पाच रुपयांची की पाच रुपयाची नोट, हा जुना वाद नव्याने सुरू होतो.

असे वाद नवे नाहीत. पतंजलीच्या महाभाष्यात एक वैयाकरण रथाच्या सारथ्याला विचारतो की, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी स्वतःस ‘प्राजिता’ म्हणवितो. वैयाकरण तो अपशब्द ठरवितो, कारण पाणिनीच्या नियमाने ‘अज्’ धातूच्या जागी येथे ‘वी’ यावयास हवा. सारथ्याचे उत्तर असे की, नियम कोठे लागू पडतो हे आपणांस कळते, लोकांना काय इष्ट आहे हे कळत नाही. चिडलेला वैयाकरण त्याला ‘दुरुत’ म्हणतो. ‘सूत’ म्हणजे चांगला विणलेला, तर हा वाईट विणलेला, अशी त्याची व्युत्पत्ती. सारथी तीही खोडून काढतो : सूत हा शब्द विणण्याच्या धातूपासून नव्हे, प्रेरणा देण्याच्या धातूपासून आला आहे, निंदाच करावयाची तर ‘दुःसूत’ म्हणावे. या प्रसंगाची मौज सर्वांस ठाऊक आहे. त्याचे महत्त्व असे की भाष्यकाराने सारथ्याचे रूप ग्राह्य धरले, आणि तेही शास्त्राच्या आतच त्याला जागा करून देऊन. कामकऱ्याचा प्रयोग हा त्याच्या दृष्टीने पुरावा होता. सुतारालाही त्या परंपरेने दुर्लक्षिलेले नाही : गावाचा ग्रामतक्ष आणि स्वतःच्या झोपडीत काम करणारा कौटतक्ष या दोघांच्या समासासाठी अष्टाध्यायीत एक स्वतंत्र सूत्र आहे, राजाच्या सुताराला ते लागू होत नाही.

मराठी वैयाकरणांनी हा वारसा कितपत चालविला? दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शालापत्रकातील निबंधांतून मराठी व्याकरणाची चिकित्सा केली. दादोबांची पूरणिका १८८१ ची. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांनी या सर्वांचा प्रचंड आढावा घेतला. मतभेद कडवे नव्हते. एकमेकांचा आदर राखून केलेला तो वाद होता. परंतु उदाहरणे बहुतेक ग्रंथांतून आणि शिष्टांच्या बोलण्यातून घेतलेली. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) धंद्यांचे शब्द विपुल आले, व्याकरणात त्यांचे प्रयोग आले नाहीत. शब्दसंग्रह करणारा सुताराच्या दारी गेला, नियम करणारा गेला नाही, असे थोडे कठोरपणे म्हणावेसे वाटते. दामल्यांवर मात्र हा आक्षेप पूर्ण न्यायाने घेता येणार नाही. एका माणसाने जितके करावे त्याहून अधिक त्यांनी केले आहे.

या विभागातील विद्यार्थी बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी कोकणात जातात, म्हणून हे लिहिणे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, ते लेखनापुरते योग्यच झाले. ‘सांधा’ वरचा अनुस्वार राहिला, कारण तो उच्चारला जातो. आणि सुताराचा सांधा व वैयाकरणाचा संधी एकाच मुळाचे आहेत, हे त्यामुळे डोळ्यांसही दिसत राहते. परंतु लेखनाचे नियम टिपणवहीला लावणे वेगळे. आगरी बोलीत ळ चा ल आणि ण चा न ऐकू येतो. ‘कळंब’ कानी जसे पडले तसे न लिहिता नकाशावरून उतरविले, तर वहीत बोली उरत नाही, नकाशा उरतो. ध्वनीच्या बाबतीत आपले विद्यार्थी आता सावध आहेत. रूपांच्या बाबतीत नाहीत. प्रस्तुत लेखकाने स्वतःची जुनी वही काढून पाहिली, तेव्हा त्या वृद्ध सुताराच्या तोंडचे वाक्य तेथे ‘जांभळाची फळी’ असे लिहिलेले आढळले. ऐकताना कान बरोबर होता. रात्री स्वच्छ प्रत करताना हाताने ते सुधारले होते. त्या वहीत अशी आणखी किती रूपे तासली गेली असतील, हे आता त्या सुतारालाच विचारावयास हवे होते. तो हयात नाही.