बर्बनचा आस्वाद आणि गुणांची बेरीज

मद्याच्या परीक्षणास वाङ्मयीन मासिकात जागा असावी की नसावी, याविषयी दुमत होऊ शकेल. परंतु आस्वाद, रुची, रस, परिपाक हे सारे शब्द आपल्या टीकावाङ्मयाने जिभेकडूनच उसने घेतले आहेत. तेव्हा टीकाकाराने एकदा त्या मूळ सावकाराच्या दारी जाऊन हिशेब पाहण्यास हरकत नसावी. निमित्तही घडले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने अमेरिकन बर्बन व्हिस्कीवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. शंभर टक्के शुल्काला स्वस्ताई म्हणणे कारकुनाच्या खिशाला परवडणारे नाही, हे खरे. तथापि बंगळूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींत त्यानंतर या पेयाची चर्चा वाढली, आणि चर्चेत पहिला प्रश्न हटकून एकच असतो: किती वर्षांची?

हा प्रश्नच चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आधी वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे. ४ मे १९६४ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने बर्बन हे त्या देशाचे खास उत्पादन असल्याचा ठराव केला. (आपल्या वर्तणूक नियमांचे सालही १९६४च, त्यांतील २२ वा नियम सरकारी सेवकाने सार्वजनिक जागी मद्यपान करू नये असे सांगतो. पुढे येणारी बैठक खासगी बिऱ्हाडी, दार लावून झाली, हे येथेच नोंदवून ठेवतो.) बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका असावा लागतो, उरलेल्या भागात बहुधा सातूचा माल्ट आणि राय अथवा गहू. राय म्हणजे आपली फोडणीची राई नव्हे, ते गव्हाच्याच कुळातले धान्य; पण पेयाला ते देते तो तिखटपणा पाहता हा नामसाधर्म्याचा घोटाळा अगदीच अनाठायी म्हणवत नाही. अर्क पिंपात भरताना त्यात ६२.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही की, ओक लाकडाचे ते पिंप कोरे, आतून जाळून कोळसा केलेले असले पाहिजे. रंग किंवा स्वाद वरून घालण्यास मुळीच मुभा नाही. वयाचे म्हणाल तर, साध्या बर्बनला किमान वयाची अटच नाही. ‘स्ट्रेट’ म्हणवून घ्यावयाचे असेल तर दोन वर्षे पुरतात.

आता तिची चव घ्या. पहिला घोट घेणारा आपला मनुष्य म्हणतो, ‘यात साखर घातली आहे.’ साखर घातलेली नसते. पिंप जाळताना लाकडातील शर्करा फुटून करपते, तिच्यापासून काकवीचा वास येतो; त्याच आचेने लाकडातील लिग्निनापासून व्हॅनिलाचा सुगंध निर्माण होतो; अमेरिकन ओकमध्ये मुळातच असलेल्या काही द्रव्यांमुळे सुक्या खोबऱ्याचा भास होतो, आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल त्या लाकडातही थोडेसे असतेच. म्हणजे काकवी, खोबरे, लवंग! कोल्हापूरकडील मनुष्याला यांतील एकही वास शिकवावा लागत नाही. असे असता, आपल्यातील काही हौशी परीक्षक पाश्चात्य पुस्तकांतून उचललेली, आयुष्यात कधी न चाखलेल्या रानफळांची नावे सांगत बसतात तेव्हा अलंकारांची यादी देऊन कवितेचे रसग्रहण संपविणाऱ्या जुन्या परीक्षणांची आठवण येते. यादी म्हणजे परीक्षण नव्हे. हे सारे वास एकमेकांना सांभाळून घेतात की एकमेकांवर कुरघोडी करतात, हे सांगणे म्हणजे परीक्षण. बर्बनचा दोष बहुधा एकाच बाजूने येतो. कोरे लाकूड जबरदस्त असते. ते अंगावर आले की जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी तुरट होते.

आम्ही चौघांनी वर्गणी काढून, बाटल्या कागदात गुंडाळून, चार पेयांची पारख केली. बर्फ वर्ज्य केला होता, कारण थंडीने वास गोठतो; पाणी मात्र चमच्याने, थोडे थोडे. जिम बीम ही त्यांतील सर्वांत साधी. तिचे वागणे सरळ, बोलणे थोडके, आणि घोट संपताच तीही संपते, सोड्यात घालावी. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असतो. त्यामुळे ती गोल, मऊ, सर्वांना प्रथमदर्शनी आवडणारी. तीन घोटांनंतर मात्र तिच्याजवळ नवे सांगण्यासारखे काही उरत नाही. गोडवा हाच जिचा स्वभाव, तिच्याशी वाद तरी काय घालणार? वाइल्ड टर्की १०१ ही ५०.५ टक्के मद्यार्काची. नुसती घेतली तर ती दरडावते. पण दोन चमचे पाणी घालताच लवंग, मिरी, भाजलेले कणीस असे एकामागून एक उमलत जाते, आणि शेवटचा तिखटपणा घशाशी बराच वेळ रेंगाळतो. चौघांपैकी तिघांनी तिला पहिली ठरविली, आणि मला तो निकाल योग्य वाटतो.

चौथी बाटली बंगळूरची होती: अमृतची साधी सिंगल माल्ट, ४६ टक्क्यांची. ती बर्बन नव्हे, सातूची आहे. तरीही दोघांनी आपल्या कागदावर तिच्यापुढे ‘अमेरिकन’ असे लिहिले. त्यांचे नाक खोटे नव्हते. पिंप कोरेच हवे या अमेरिकन अटीमुळे एकदा वापरलेले पिंप बर्बनला निरुपयोगी ठरते, आणि मग ते विकले जाते. स्कॉटलंडला जाते, तसे बंगळूरलाही येते. अमृतची माल्ट अशाच पिंपांत मुरते. तेव्हा म्हैसूर रस्त्यावरील कंबीपुऱ्याच्या भट्टीतील माल पिणाऱ्याने बर्बनचा गंध कधीच घेतला नाही, असे म्हणता येत नाही.

राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये बंगळूरला ही कंपनी काढली. आडनाव पाहून मराठी वाचक क्षणभर थबकेल. तिची सिंगल माल्ट २००४ मध्ये प्रथम विक्रीस आली ती ग्लासगो शहरी, स्कॉच लोकांच्या अंगणात. पुढे जिम मरे या इंग्रज परीक्षकाने आपल्या २०१० सालच्या ग्रंथात अमृत फ्यूजनला ९७ गुण देऊन जगात तिसरी ठरविली, आणि तेव्हा कुठे आपल्या लोकांना ती पिण्यायोग्य वाटू लागली. मरे यांची रीत अशी की वास, चव, शेवट आणि समतोल यांना प्रत्येकी २५ गुण द्यावयाचे आणि बेरीज करावयाची. खातेपरीक्षेला ही पद्धत ठीक आहे. पण समतोल हा उरलेल्या तिहींचा परस्परसंबंध. त्याला चौथा विषय करून वेगळे गुण देणे म्हणजे कुटुंबातील माणसे मोजताना ‘सलोखा’ हेही एक माणूस धरणे होय.

वयाचा आग्रह तर याहून पोकळ आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातील सुमारे २ टक्के माल दरसाल हवेत उडतो. त्याला तेथे देवदूतांचा वाटा म्हणतात, आपल्या भांडार नोंदवहीत ‘घट’ म्हणतील. बंगळूरला हीच घट १० ते १२ टक्के आहे. ११ टक्के धरून हिशेब केला तर चार वर्षांत पिंपातील ३७ टक्के माल नाहीसा होतो. स्कॉटलंडात बारा वर्षांनीही २२ टक्क्यांपलीकडे जात नाही. उष्णतेने पेय लाकडात शिरते आणि बाहेर येते, ते येथे अधिक जोराने. एडिंबरोचे बारा वर्षांचे माप लावून बंगळूरच्या चार वर्षांच्या मालाला कच्चा ठरविणे हे, आपल्या नवकथेला चेकॉव्हची पट्टी लावून ती अपुरी भरल्याचे दुःख करण्यासारखे आहे. केंटकीचे उन्हाळेही कडक असतात. बर्बनला बारा-पंधरा वर्षे ठेवली की पुष्कळदा लाकूडच हाती लागते. तरीही लोक त्या आकड्याला दुप्पट पैसे मोजतात.

याचा अर्थ घरचे ते सारे गोड, असा कोणी घेऊ नये. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालाचा मोठा भाग धान्याचा नसून साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या अर्काचा असतो, आणि त्यास युरोपात व्हिस्की म्हणू देत नाहीत. त्यात देशाभिमान आणण्याचे कारण नाही. अमृतच्या त्या साध्या माल्टमध्येही मला एक उणीव जाणवली: पाणी घातल्यावर ती लवकर विस्कळीत होते, वाइल्ड टर्की तेथे घट्ट राहते. मात्र रात्री रिकामे केलेले पेले सकाळी हुंगले तेव्हा मेकर्स मार्कच्या पेल्यात नुसती काकवी उरली होती, आणि अमृतच्या पेल्यात काकवीखाली भिजलेल्या सातूचा वास अजून शाबूत होता.