तेरचें त्रिविक्रम-मंदिर : आकार आणि धर्म

धाराशिव जिल्ह्यांत माकणीजवळ जी तेरणा आज धरणानें अडविली आहे, तिच्याच कांठीं वरच्या अंगास तेर हें गांव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलें तगर तें हेंच, असें फ्लीट यांनीं प्रतिपादिलें. वारकऱ्यांस तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून परिचित आहे. येथील त्रिविक्रमाच्या मंदिराविषयींचा एक जुना अभिप्राय अद्यापि सिद्धान्तासारखा उच्चारला जातो. त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मंदिर विटांचें आहे. गाभाऱ्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून वरचें छप्पर बैलगाडीच्या छपरासारखें लांबट व गोलसर आहे. पुढें सपाट छताचा मंडप आहे. हेन्री कझिन्स यांनीं पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालांत या घडणीवरून असें अनुमान केलें कीं, हें मूळचें बौद्ध चैत्य असून मागाहून तें विष्णूच्या उपासकांकडे गेलें.

चैत्यगृहांशीं असलेलें साम्य कोणीहि नाकारणार नाहीं. तेरास बौद्ध वस्ती होती हेंहि खरें. तेथील उत्खननांत स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. परंतु आकारावरून धर्म ठरविणें कितपत युक्त आहे? ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका ओवींत लिहिली आणि फादर स्टीफन्स यांचें १६१६ सालीं छापलेलें ख्रिस्तपुराणहि ओवींतच आहे. केवळ छंद पाहून कवीचा धर्म सांगूं लागणाऱ्या टीकाकारास आपण काय म्हणूं? गवंड्याचा आकार हाहि एक छंदच आहे. ऐहोळे येथील दुर्गमंदिराची पाठ अशीच गोल आहे. आंध्रांतील गुडिमल्लमच्या शिवमंदिराचीहि आहे. दक्षिणेकडील शिल्पशास्त्रांत या आकारास गजपृष्ठ असें नांवच आहे. बेसनगर येथें हेलिओदोरच्या गरुडस्तंभाजवळ वासुदेवाच्या प्राचीन मंदिराचा लंबवर्तुळाकार पाया सांपडला, तो तर १९६० नंतरच्या उत्खननांत. कझिन्स यांच्यापुढें तो पुरावा नव्हता, म्हणून त्यांस दोष देतां येत नाहीं. आपल्यापुढें तो आहे, म्हणून त्यांचेंच वाक्य घोकीत बसणें आपणांस शोभत नाहीं.

अर्थात् एवढ्यावरून मंदिर प्रथमपासून विष्णूचेंच होतें, असेंहि सिद्ध होत नाहीं. स्वधर्माभिमानानें तसा निर्वाळा देणारे लोक कझिन्स यांचीच चूक उलट्या दिशेनें करितात. ‘आधीं कोणाचें?’ या प्रश्नावरून शेजारी शेजाऱ्याचा वैरी होऊं शकतो, अशा काळीं अनुमानास अनुमान म्हणणें हें टीकाकाराचें पहिलें कर्तव्य होय.

या वादांत खरी उपेक्षा होते ती कारागिराची. लांकूड वांकवून गवतानें शाकारलेल्या जुन्या छपराचा डौल त्यानें मातीच्या भाजलेल्या विटांत उतरविला, आणि इतकीं शतकें तो टिकला. लेण्यांतून हा आकार खडकांत कोरलेला पुष्कळ दिसतो. विटांत रचलेला व उभा राहिलेला फार थोडा उरला आहे. तेरास जाणाऱ्या वाचकांनीं देवाचें दर्शन घेतल्यावर मंदिराच्या पाठीमागें जाऊन ती गोल भिंत अवश्य न्याहाळावी.